सायंकाळची घंटा

शाळेतील शेवटच्या घंटेची खरी गोडी कोणाला, असे विचारले तर सारेजण विद्यार्थ्यांकडे बोट दाखवतील. परंतु खडूने पांढरी झालेली बोटे झटकीत वर्गाबाहेर पडणाऱ्या मास्तरालाही ती घंटा तितकीच प्रिय असते, हे गुपित आता सेवानिवृत्तीनंतर सांगून टाकण्यास हरकत नाही. छत्तीस वर्षे मी ती घंटा ऐकली. ती झाली की हजेरीपट कपाटात ठेवावयाचा, काठी हाती घ्यावयाची, आणि घरी न जाता आमच्या एरंडवण्याच्या पाठीशी असलेल्या टेकडीची वाट धरावयाची, हा माझा नित्यक्रम. वर्गातील गोंगाट, मुख्याध्यापकांची सूचनापत्रे, तपासावयाच्या वह्यांचे गठ्ठे, हे सारे पायथ्याशी ठेवून मी तासभर वर फिरत असे व शांत चित्ताने घरी येत असे.

या सायंकाळच्या फेरफटक्याविषयी, विशेषतः वसंतातील फेरफटक्याविषयी, या महिन्यात लिहीन असे आश्वासन मी वाचकांस दिले होते. त्याप्रमाणे लेख लिहून तयारही केला होता. मात्र आपल्या हाती आहे तो तो लेख नव्हे. तो मागे का ठेवावा लागला, हे सांगणेच मला अधिक अगत्याचे वाटते.

मूळ लेखाचा आशय थोडक्यात असा. काम संपले म्हणजे विश्रांती आपोआप मिळते, ही समजूत चुकीची आहे. अंग घरी येते. मन कचेरीतच घुटमळत राहते. आमचे चिरंजीव हिंजवडीस एका संगणक-कंपनीत कामास आहेत. दिवसभर खुर्चीत बसून ते थकतात, आणि थकवा घालविण्याकरिता घरी येऊन पुन्हा खुर्चीतच बसतात. फरक इतकाच की समोरचा मोठा पडदा जाऊन हातात लहान पडदा येतो. चालणाऱ्याचे तसे नाही. पहिली दहा मिनिटे डोक्यात दिवसभराचे वाद चालू असतात. पुढे चढ लागतो, दम लागू लागतो, आणि वाद घालावयास श्वास उरत नाही. माथ्यावर पोहोचेपर्यंत कानांत पाखरांचे शब्द शिरू लागतात. जपानच्या वनखात्याने १९८२ साली रानातील अशा निवांत फिरण्यास ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, असे नावच दिले. १९८४ साली रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्यांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, ज्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती त्यांच्याहून लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदनाशामक औषधेही सौम्य पुरली. झाडे नुसती दिसल्याने एवढे घडते, तर त्यांच्यातून हिंडल्याने काय न घडेल, असा प्रश्न टाकून मी लेख संपविला होता.

कोणताही लेख धाडण्यापूर्वी सौ.ला वाचून दाखवावयाचा, हा माझा जुना परिपाठ. ती मेथी निवडीत बसली होती. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. तिने देठांची जुडी बाजूला सारली व म्हणाली, “छान उतरलाय. पण अहो, ही टेकडी आहे तरी कशी? मला एकदा दाखवाल का?”

मी चकित झालो. “म्हणजे? तू टेकडी पाहिली नाहीस?”

“न पाहायला काय झालं? गच्चीवरून रोज दिसते. वाळवणं घालताना कितीदा पाहिलीय.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच मला ते अधिक लागले. आमच्या घरापासून टेकडीचा पायथा वीस मिनिटांच्या अंतरावर. नवरात्रात ती शेजारच्या बायकांबरोबर चतुःशृंगीस जाऊन येई, सोमवती अमावास्येस पिंपळास प्रदक्षिणा घाली. परंतु कामाशिवाय, व्रताशिवाय, नुसते मोकळे व्हावे म्हणून सायंकाळी ती एकदाही घराबाहेर पडली नव्हती. आणि ही गोष्ट छत्तीस वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्या रात्री मी मनाशी हिशेब केला. वर्षाचे शाळेचे दिवस सुमारे दोनशे धरले, तर सात हजारांवर तास मी त्या टेकडीवर काढले. हे तास मला कोणी दिले? पाच ते सात ही वेळ आमच्या घरी कशी जात असे? मुले शाळेतून भुकेली येत. माझ्या मातोश्री अंथरुणास खिळल्या होत्या, त्यांचे औषधपाणी असे. देवापाशी दिवा लावणे, कणीक मळणे, दुसऱ्या दिवशीच्या भाजीची निवडानिवड. मी टेकडी उतरून दारात चपला काढीपर्यंत चहाचे आधण चढलेले असे. ते वेळेवर कसे चढते, याचे मला कधी कोडे पडले नाही. शाळेला घंटा होती, कचेरीला घड्याळ होते, गिरणीला भोंगा होता. आमच्या स्वयंपाकघरास सुटीचा इशारा देणारे काहीच नव्हते.

हे आमच्याच घरी होते, असे म्हणून सुटका करून घ्यावी, तर तीही सोय नाही. भारत सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ सालच्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ झाली. दहा मिनिटे कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही ९७ वरून ८८ वर आली होती! जावे तेथे पळसाला पाने तीनच, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सौ.च्या गुडघ्यांची झीज झाली असल्याने डॉक्टरांनी चढ चढण्यास मनाई केली आहे. ज्या पायवाटेने मी इतकी वर्षे गेलो, ती तिला आता बंद झाली आहे. म्हणून चिरंजीवांनी कामावरून लवकर येऊन आम्हांस पौड रस्त्याच्या बाजूने मोटारीतून वर सोडले व ते परत घरी गेले. त्या सायंकाळचा स्वयंपाक त्यांनी व नातवाने अंगावर घेतला होता.

वेताळ टेकडी ही पुणे शहरातील सर्वांत उंच जागा. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे २,६०० फूट. माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे, अलीकडे दगडाची जुनी खाण आहे व तिच्यात पाणी साठलेले असते. मध्ये बराच सपाट भाग आहे, तेथे आम्ही सावकाश चालू लागलो.

येथे एक कबुली देणे भाग आहे. मी मॅट्रिकपुढे फारसा शिकलो नसलो तरी संस्कृत एका शास्त्रीबुवांच्या हाताखाली मन लावून शिकलो, आणि वर्गात वसंतवर्णने मोठ्या आवेशाने शिकविली. ‘ऋतुसंहारा’चे सहा सर्ग ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंतात संपतात, ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात वसंत अवेळी अवतरतो, हे मला मुखोद्गत. पण टेकडीवर मी हिंडलो तो बहुधा मान खाली घालून, मनात उद्याचा पाठ घोळवीत. झाडे माझ्या दृष्टीने ‘झाडे’ होती. सौ. मात्र मावळातल्या खेड्यात वाढलेली. दहा पावले जाते न जाते तोच ती थांबली.

“अगंबाई, गणेर फुललाय!”

समोर एक झाड उभे होते. अंगावर पान म्हणून नव्हते, आणि फांद्यांच्या टोकांशी वाटीएवढी पिवळीधमक फुले. हे झाड मी शेकडो वेळा पाहिले असेल. नाव आज कळले. पुढे काटेसावर लागली. तिची लाल, मांसल फुले खाली पडली होती, उरलेल्या फुलांतून साळुंक्या व बुलबुल रस पीत होते. “हिचा कापूस वैशाखात उडतो,” सौ. म्हणाली. “आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या उशीत हाच भरायचे.” पांगारा तिने लांबूनच ओळखला. एका झाडाची साल कागदासारखी सुटत होती; तिने खोडावर वाळलेला डिंक नखाने टोकरून माझ्या नाकाशी धरला. देवघरातल्या धुपाचा वास आला. “सालई,” ती म्हणाली. शल्लकी, हत्तीचे आवडते झाड, असा अर्थ मी मुलांना सांगत आलो होतो. ती शल्लकी माझ्या वाटेवर उभी होती आणि मी तिला ओलांडून जात होतो.

आपल्याकडील वसंत हिरवा नसतो, हे मला त्या दिवशी पहिल्याने नीट उमगले. गवत वाळून पिवळे पडले होते, बहुतेक झाडे निष्पर्ण होती. पाऊस संपून पाच महिने झालेले. पानांवाटे ओल उडून जाऊ नये म्हणून ही झाडे पाने टाकतात. त्या उघड्या फांद्यांवर फूल आले की पाखरास दुरून दिसते, रसाकरिता ती येतात व पराग इकडून तिकडे नेतात. उन्हाळ्यात फळे तडकून बी वाऱ्यावर निघते, आणि मृगाच्या सरी येईतो ते जमिनीवर पसरलेले असते. फिकट गुलाबी फुलांची दाट झुडपे मात्र सर्वत्र दिसत होती. ती गिरिपुष्पाची, मूळची मध्य अमेरिकेतील. टेकड्या लवकर झाकाव्यात म्हणून लावलेली. उंदीरमारी असेही तिला म्हणतात. सौ.ने वाकून पाहिले व म्हणाली, “दिसायला बरी आहेत, पण हिच्याखाली गवताची काडी नाही.”

खाणीच्या अलीकडे ती पुन्हा थांबली आणि माझ्याकडे पाहून हसली. “हा घ्या तुमचा किंशुक.”

काळ्या, वाकड्यातिकड्या फांद्यांवर केशरी फुलांचे घोस. पाकळी थेट पोपटाच्या चोचीसारखी बाकदार. ‘किं शुकः’, हा पोपट तर नव्हे, अशी या नावाची फोड मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. एकदा एका मुलाने विचारले होते, “सर, आपल्या टेकडीवर आहे का हे झाड?” मी उत्तर दिले, “असेल.” तो मुलगा आज कोठे आहे कोण जाणे, त्याची मनोमन क्षमा मागितली.

आपल्या अज्ञानावर पांघरूण घालावे म्हणून मी म्हटले, “रूप आहे, पण सुगंध नाही. विद्या नसलेल्या माणसाला सुभाषितकारांनी याचीच उपमा दिली आहे.”

“वास नाही म्हणून पळस वाया गेला का?” सौ. म्हणाली. “आमच्या लग्नकार्यात पंगती उठायच्या त्या याच्या पत्रावळींवर. मुंजीत बटूच्या हाती दंड याचा. होळीला रंग याच्या फुलांचा. सुभाषित लिहिणारे जेवले कशावर, ते विचारा.”

या युक्तिवादावर मला उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही. झाडावर एक कोतवाल पक्षी येऊन बसला व खुशाल फुलात चोच घालून रस पिऊ लागला. त्यालाही सुगंधावाचून काही अडले नव्हते.

तेवढ्यात दरीच्या बाजूने कुहूकुहू ऐकू आली. मी म्हणालो, “कोकिळा गाऊ लागली बघ.” तिने मान हलविली. गातो तो नर, काळाभोर. मादी तपकिरी, ठिपकेदार, तिचा शब्द निराळा व तुटक. हे मीही वाचले होते, परंतु जिभेवर ‘कोकिळा गाते’ हेच बसलेले. “गाणारे गात बसतात,” सौ. म्हणाली, “ती बिचारी कावळ्याचं घरटं कुठं मोकळं आहे ते शोधत असेल.” आणि मग आम्ही दोघेही मनापासून हसलो. असे एकत्र हसून किती दिवस झाले होते, ते मी मोजले नाही.

एका सपाट दगडावर ती बसली. गुडघे चोळीत म्हणाली, “सात वाजत आले. कुकरच्या शिट्ट्या नीट मोजल्या असतील ना त्यांनी?” मी म्हटले, “आज ते तुझे काम नव्हे.” ती गप्प बसली, पण डोळे काही गप्प बसेनात. सूर्य पश्चिमेस कलला होता, खाली शहरात एकेक दिवा लागत होता. जरा वेळाने तिने विचारले, “आपलं घर कुठलं हो यात?”

मला सांगता आले नाही. इतकी वर्षे मी त्या जागी उभा राहिलो, पर्वती पाहिली, सिंहगड पाहिला, मावळते रंग पाहिले. पण आपली गच्ची कधी शोधली नव्हती. ती उठून कड्याच्या अलीकडे उभी राहिली, डोळ्यांवर हात धरला, आणि शेजारच्यांच्या दोन नारळांवरून तिने आमची पाण्याची टाकी हुडकून काढली. “ती बघा. तिथंच मी कुरडया घालते.”

घरी आलो तेव्हा पिठले झाले होते, भात तळाशी थोडा लागला होता, आणि नातवाने पाट-पाणी मांडून ठेवले होते. सूनबाई बँकेतून येऊन नुकत्याच टेकल्या होत्या. एरवी त्या येतात, खांद्याची पिशवी खुंटीला अडकवितात व तशाच ओट्यापाशी उभ्या राहतात. हेही मी रोज पाहत होतो. पण त्याचा अर्थ मला त्याच रात्री कळला. त्यांचीही कचेरीची घंटा होते खरी, पण ती केवळ एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याची.

आता आमच्या घरी मंगळवार व शुक्रवार या दोन सायंकाळी स्वयंपाकघर पुरुषांकडे असते. सासू-सून दोघी टेकडीवर जातात. हे सुरळीत चालले आहे, असे मी लिहिणार नाही. पहिल्या आठवड्यात सौ. चपला घालून स्वयंपाकघराच्या दाराशी पाव तास उभी होती. हिंगाचा डबा कोठे, डाळीत पाणी किती, हे सांगून संपेना. चिरंजीव पहिल्या शुक्रवारी म्हणाले, “बाबा, आज बाहेरून मागवू या का?” मी म्हटले, “तुझ्या आईने कधी मागविले होते?” मी मास्तर असल्याने मला असली उत्तरे लवकर सुचतात, पोळी मात्र अजून गोल होत नाही.

वाचकांस या निमित्ताने चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या घरात कोणाची घंटा होत नाही, याचा प्रथम शोध घ्यावा. ‘तुला वेळ मिळेल तेव्हा जाऊ’ असे त्या व्यक्तीस म्हणू नये. तो वेळ कधीच मिळत नसतो. वार ठरवावा, आणि तेवढ्या वेळचे तिचे काम आपल्या अंगावर घ्यावे. जवळ टेकडी नसेल तर नदीकाठ, शेताचा बांध, गावाबाहेरची राई काहीही चालेल. ऊन उतरल्यावर निघावे, पाणी बरोबर घ्यावे, अंधारापूर्वी परतावे. पावले मोजणारे घड्याळ घरी ठेवावे. फुले तोडू नयेत. आणि या दिवसांत गवत वाळलेले असते, एका काडीने वणवा पेटतो, हे ध्यानात ठेवावे. घरातील वडीलधाऱ्या बायकांस झाडांची नावे विचारावीत. आपल्या संग्रही असलेल्या पुष्कळ शब्दांचे अर्थ त्यांच्यापाशी सापडतील.

राहिली एक गोष्ट. वेताळाच्या देवळापर्यंत सौ. त्या दिवशी जाऊ शकली नाही. शेवटचा चढ तिने खालूनच पाहिला व हात जोडले. दहा वर्षांपूर्वी ती तो सहज चढली असती. तेव्हा मी तिला विचारले नव्हते. दिवाळीनंतर गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे. ती म्हणते, पुढच्या फाल्गुनात पळस फुलला की पाहू. तोवर आम्ही सपाटीवरच फिरू.

मूळ लेख मी फाडून टाकलेला नाही. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर सौ.ने वाणसामानाची यादी केली असून ती स्वयंपाकघरात खिळ्यास लावली आहे. आज मंगळवार आहे. साडेपाच वाजत आले, दोघीजणी निघण्याच्या तयारीत आहेत, आणि मला दुधी चिरावयाचा आहे; म्हणून येथेच थांबतो.